आधी गल्ली, मग घर

मागच्या शनिवारी देवपूरला होतो. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की उजाडायच्या आत धुळ्यात. स्टँडवरून रिक्षा, रिक्षा मोठ्या पुलावर चढली की खाली पांझरा (वर्षातले बरेच महिने नुसते दगड आणि डबकी), आणि पूल उतरला की देवपूर. गेली वीस वर्षं हाच रस्ता. पण या वेळी निव्वळ आईच्या हातचं खायला गेलो नव्हतो. अप्पांनी बोलावलं होतं. गावाबाहेर एका शेतात प्लॉट पाडलेत, त्यातला एक मी घ्यावा असं त्यांनी मनाशी जवळपास ठरवूनच टाकलं होतं.

"तू एकदा बघून जा. मनमाड-इंदूर रेल्वे होऊन राहिली. नंतर म्हणशील, अप्पा, तुम्ही बोलले नाही."

रक्कम लहान नाही. गेल्या चार वर्षांत जे काही साठलं ते सगळं त्यात जाणार. बायकोचं म्हणणं, आधी आई-अप्पांना पुण्याला आणू, मग प्लॉटबिट. अप्पांचं म्हणणं, पुण्याला येऊन मी काय तुमच्या बाल्कनीत बसू? आणि आई काहीच म्हणत नाही. ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाणी आलं त्या तारखेला पेनने गोल करते. महिन्यात तीस गोल कधीच नसतात, एवढं सांगितलं तरी पुरे. शेजारच्या काकू गेटवरूनच विचारतात, "पानी उनं का वं?" देवपुरातलं 'गुड मॉर्निंग' हेच आहे म्हणा ना.

प्लॉट दाखवणारा माणूस अकराला येतो म्हणाला होता. त्याचे अकरा दीडला वाजले. मधल्या वेळात मी लॅपटॉप उघडून बसलो. आमच्या धंद्यात एक खोड लागते. नवीन काम अंगावर आलं की आधी जुना कोड वाचायचा: हे कुणी लिहिलंय, का लिहिलंय, आणि कुणी कुठे ठिगळ लावून ठेवलंय. म्हटलं, प्लॉट घ्यायचाच तर या गावाचा जुना कोड वाचू. १८८० सालचं खानदेश गॅझेटियर उघडलं आणि अप्पांच्या दोन हाकांना ओ देता देता वाचत गेलो.

तर सुरुवात १८०३ पासून करू. त्या वर्षी धुळं अक्षरशः ओस पडलं होतं. एकीकडे होळकरी फौजांची लुटालूट आणि त्यातच तो भयानक दुष्काळ. माणसं गाव सोडून निघून गेली, मागे कुणी राहिलं नाही. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत नावाच्या माणसाने ते पुन्हा वसवलं. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिले होते. गाव वसवल्याबद्दल बाळाजीला इनाम जमीन मिळाली, पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारही मिळाला, आणि त्याने आपलं ठाणं धुळ्यातच केलं. तोवर धुळं म्हणजे लळिंगच्या हाताखालचं एक किरकोळ खेडं. मुंबईकडून आग्रा रोडने येताना लळिंगचा किल्ला दिसतो, ते एकेकाळचं मुख्य ठिकाण. आज लळिंग म्हटलं की धुळेकराला किल्ला आणि पावसाळ्यातली ट्रिप आठवते. हेडऑफिस हललं की असंच होतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला. हा मनुष्य साधा नव्हता. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवाद केला तो हाच, पुढे साताऱ्याचा रेसिडेंटही झाला. त्याने नव्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणून धुळं निवडलं. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली, लांबून लांबून कारागीर आणले आणि २७०० पौंडात इमारती उभ्या केल्या. त्या वर्षी धुळ्याची लोकसंख्या २५०९, घरं ४०१. पुण्यात मी राहतो त्या टॉवरांच्या झुंडीत आज याहून जास्त माणसं असतील.

पण मला थांबवलं ते त्याच्या पुढच्या वाक्यांनी. नव्या गावात व्यापाऱ्यांनी यावं म्हणून ब्रिग्जने घरासाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या बिनभाड्याने. शिवाय पक्की घरं बांधायला उचल दिली, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. म्हणजे फुकट प्लॉट आणि वर होम लोन! आमच्या प्लॉटवाल्याने हे वाचलं तर त्याला चक्कर येईल.

याचा परिणाम आजही पायाखाली आहे. धुळ्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, नव्या धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, सहा. सरळ, एकमेकींना समांतर, मधून आडवे बोळ. बाहेरगावचा पाहुणा सुद्धा चुकत नाही. आणि पलीकडे जुनं धुळं. तिथली घरं वेडीवाकडी, वस्ती गरिबांची, असं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलेलं आहे. दोन्हींत फरक एकच. एका भागात आधी रेघ मारली आणि मग घर आलं. दुसऱ्यात आधी घर आलं, आणि घराघरांत जी फट उरली तिला रस्ता म्हणायचं.

इथे एक छोटा खुलासा. धुळ्यात लहानपणापासून ऐकलेलं असतं की आपलं शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं. मीही कॉलेजात असताना होस्टेलच्या पुणेकर पोरांना हे छाती फुगवून सांगितलंय. विश्वेश्वरय्या इथे होते हे खरंच आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले आणि नोकरीच्या पहिल्याच दिवसांत पांझरेच्या खोऱ्यात कालव्याचं पाणी पलीकडे नेणारा पाइपचा सायफन त्यांनी बांधला. पण ब्रिग्जने नवं गाव वसवायला घेतलं १८१९ मध्ये, आणि विश्वेश्वरय्यांचा जन्मच १८६१ चा. श्रेय कुणाला द्यायचं याचा हिशोब ज्याने त्याने करावा. मला वाटतं, आपल्या गल्ल्या एका गोऱ्या कॅप्टनने पाडल्या यापेक्षा आपल्यातल्या एका भारतरत्नाने पाडल्या हे सांगायला बरं वाटतं, एवढंच. असो.

ब्रिग्जचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की त्याचं काम सोपं होतं. त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. ना नगरसेवक, ना हरकती-सूचना, ना कोर्टाचा स्टे. ओस पडत आलेला मुलुख, नुकती जिंकलेली जमीन, आणि त्याला हवा होता महसूल. जिल्ह्याच्या डोंगरांतले भिल्ल त्याच्या लेखी बंदोबस्ताचा विषय होते, नव्या गावातल्या प्लॉटचा नव्हे. आणि जुन्या धुळ्यातल्या वाकड्या घरांना सरळ गल्ल्यांचा काय उपयोग झाला, हाही प्रश्न आहेच. म्हणून 'इंग्रज असते तर' छापाचं रडगाणं मला गायचं नाही. मला फक्त क्रम बघायचा आहे. आधी काय, मग काय.

आणि हा क्रम ब्रिग्जने विलायतेहून आणला असंही नाही. त्याने धुळ्याचं जे वर्णन केलंय त्यात हे एक लहानसं गाव आहे, भोवती बागायत, आणि गाव पाट आणि नदी यांच्या मधोमध कोंडलेलं. हा पाट महत्त्वाचा. पांझरेवर आणि मोसमवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आलीय. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांखाली जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आपल्या शेतात पाणी आपण स्वतः सोडायचं नाही, ते पाटकरी सोडणार. जागल्या राखण करणार, हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवणार, आणि त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. जमीन प्रत्येकाची वेगळी, पण पाणी येण्याजाण्याची वाट सगळ्यांची एक, आणि ती आधी ठरलेली. पाट नाही तिथे फड नाही. पाटाशिवाय कुणी फडाचा हिस्सा विकायला काढला असता तर शेतकरी हसले असते.

अप्पांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आम्हाला काय सांगतो? माझ्या मामाचा फड होता." मग मामाच्या उसाच्या गोष्टी सुरू झाल्या, त्या इथे देत नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १८६२ मध्ये नगरपालिका. १८६३ मध्ये लोकसंख्या दहा हजार, १८७२ मध्ये १२,४८९. त्याच १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि घरादारांचं अतोनात नुकसान झालं. (ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेचं पाणी चढलं तेव्हा सगळे 'असं कधी झालंच नव्हतं' म्हणत होते. झालं होतं.) मुंबईहून निघालेली जीआयपीची मुख्य लाइन धुळ्याला टाळून भुसावळकडे गेली. धुळ्याच्या वाट्याला १९०० मध्ये चाळीसगावहून एक फाटा आला, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी धुळ्यात रेल्वे येते ती तिथेच संपते. १९०६ मध्ये खानदेशचे दोन तुकडे झाले, पूर्वेचा जळगावकडे, पश्चिमेचा धुळ्याकडे. कापूस, जिनिंग, मिल, आग्रा रोड, सुरत-नागपूर रस्ता. गाव वाढत होतं, पण मुख्यतः नदीच्या दक्षिणेला.

देवपूर म्हणजे नदीपलीकडचं. एकवीरा देवीचं मंदिर काठावर, मागे मळे. आमच्या आजीच्या तोंडी 'गावात जाऊन येते' म्हणजे पूल ओलांडून धुळ्यात. देवपूर खरं फुगलं ते शाळा-कॉलेजांनी. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रभर कॉलेजांची लाट आली, ती देवपुरातही पोचली. कॉलेज आलं की प्राध्यापक आले, पोरं आली, मेस आल्या, झेरॉक्सची दुकानं आली. आणि नोकरदार माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की वाड्यातली खोली सोडून स्वतःचा प्लॉट घ्यावा.

आमचे अप्पा त्यातलेच. शाळामास्तर. १९८९ साली त्यांनी देवपूरच्या टोकाला, वलवाडी शिवारात प्लॉट घेतला. पत्ता देवपूर, घरपट्टी ग्रामपंचायतीला. तो ले-आऊटचा नकाशा अजून कपाटात आहे, मी परवा पुन्हा काढून बघितला. नऊ मीटरचे रस्ते. मधोमध ओपन स्पेस, त्यात गोल गोल झाडं काढलेली. नकाशावर नुसती नजर टाकली तर ब्रिग्जची गल्लीच वाटावी. पण ब्रिग्जच्या गल्लीत आणि या गल्लीत फरक असा की ही कागदावरच राहिली. प्लॉट विकले गेले, पैसे मिळाले, प्लॉट पाडणारा दुसऱ्या शेताकडे वळला. रस्ता म्हणजे मुरूम, तोही आम्ही रहिवाशांनी वर्गणी काढून टाकलेला. गटार नाही, म्हणून प्रत्येकाचा शोषखड्डा. नळ नाही, म्हणून प्रत्येकाचं बोअर. शोषखड्डा आणि बोअर यांच्यामध्ये किती अंतर असावं हे कुणी विचारलं नाही. ओपन स्पेसवर आधी आम्ही क्रिकेट खेळलो, मग तिथे कुणाची तरी म्हैस आली, आता पत्र्याचं शेड आहे.

हे एकट्या अप्पांचं नशीब नव्हे. याला कायद्याचा इतिहास आहे, आणि तो वाचताना मी खरंच चकित झालो, कारण आपल्याकडे योग्य क्रमाचा कायदा फार जुना आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दादर-माटुंग्याला आधी जमीन घेतली, रस्ते काढले, गटारं घातली आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी म्हणजे त्या काळची उपनगरंच. आजही तिथे गेलं की वाटतं, मुंबईत इतकी सावली कुठून आली? मग १९१५ मध्ये मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला, देशातला पहिला. त्यात युक्ती अशी होती: शेताशेतांचे तुकडे एकत्र करायचे, त्यातून रस्ते, मैदानं, शाळेची जागा आधी काढून घ्यायची, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी प्लॉट करून मूळ मालकांनाच परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण रस्त्यावर येते, त्यामुळे किंमत वाढते, आणि त्या वाढीतला काही हिस्सा सुधारणेच्या खर्चाला द्यायचा. मला तर हे फडाचंच नवं रूप वाटलं.

इलाखा फुटून दोन राज्यं झाली. गुजरातने ही पद्धत धरून ठेवली, अहमदाबादचा बराच भाग अशा योजनांनी वाढला. महाराष्ट्राने मात्र ती जवळजवळ विसरायला टाकली. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणं बंधनकारक झालं होतं, १९६६ च्या कायद्यानेही भर दिला तो आराखड्यावरच. आराखडा म्हणजे रंगवलेला नकाशा. इथे रस्ता, इथे बाग, इथे दवाखाना. पण त्या जागा विकत घ्यायच्या असतात आणि तिजोरीत पैसे नसतात. दहा वर्षं जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत काही हललं नाही की आरक्षण उडतं. हेच ते प्रसिद्ध कलम १२७. शिवाय सगळ्यात मोठी गोम म्हणजे, आराखडा पालिकेच्या हद्दीपुरता. हद्दीच्या रेषेपलीकडे शेत. शेत एन.ए. केलं, प्लॉट पाडले, विकले. आणि शहर वाढतं कुठे? रेषेपलीकडेच. कारण तिथेच जमीन स्वस्त आणि विचारणारं कुणी नाही.

ज्यांनी एन.ए. सुद्धा केलं नाही त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे गुंठे पैसे भरून नियमित करा, म्हणाला. हे शेवटचं असं वाटलं असेल कुणाला. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. आमच्याकडे याला हॉटफिक्स म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये बोंब झाली की रात्री दोन वाजता करायचा, आणि सकाळी सगळे विसरतात की मूळ बग अजून तिथेच आहे.

माझ्या बोलण्यावर विश्वास नसेल तर जनगणना बघा. २००१ मध्ये धुळे शहर ३ लाख ४१ हजार, २०११ मध्ये ३ लाख ७५ हजार. दहा वर्षांत दहा टक्के. त्याच दहा वर्षांत धुळे जिल्हा १७ लाख ८ हजारांवरून २० लाख ५० हजारांवर, म्हणजे वीस टक्के. महाराष्ट्रातली माणसं शहरांकडे धावत असताना जिल्हा शहराच्या दुप्पट वेगाने वाढतो, हे कसं? सगळं उत्तर यात नाही, पण एक मोठा तुकडा आमच्या गल्लीत आहे. आमच्यासारखी माणसं धुळ्यात नोकरी करत होती, धुळ्यात बाजार करत होती, आणि मोजली जात होती खेड्यात.

२००३ मध्ये धुळ्याची महानगरपालिका झाली. हद्दवाढ व्हायला २०१८ उजाडलं. वलवाडी, महिंदळे, नकाणे, अवधान अशी भोवतालची गावं शहरात आली. तेव्हा आमच्या गल्लीत जी भांडणं झाली ती मी फोनवर ऐकली आहेत. अर्धे लोक म्हणत, आता कर वाढणार आणि रस्ता काही व्हायचा नाही. अर्धे म्हणत, कर दिल्याशिवाय रस्ता मागणार कोणत्या तोंडाने? दोघांचंही बरोबर होतं. पालिकेच्या बाजूने विचार केला तर तीस वर्षं कुणी न घातलेले पाइप आता एका फटक्यात घालायचे, आणि त्यासाठी पैसे कुठले? जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी जीएसटीबरोबर २०१७ पर्यंत पुरता गेला. हातात राहिली घरपट्टी, पाणीपट्टी आणि राज्य-केंद्राकडून येणारा निधी. डिसेंबर २०१८ मध्ये निवडणूक झाली, पाच वर्षांनी मुदत संपली, आणि पुढची निवडणूक वेळेवर झालीच नाही. म्हणजे भांडायचं तर कुणाशी, हाही प्रश्न.

देवपुरात भुयारी गटाराचं काम निघालं तेव्हाचं चित्र मला विसरता येत नाही. घरं बांधून झालेली, कंपाउंड झालेली, कुठे कुठे डांबर झालेलं. आणि मग तो सगळा रस्ता मधोमध उकरून खाली पाइप. गटार हवंच होतं, प्रश्नच नाही. पण मोकळ्या शेतात पाइप टाकायला जे लागतं आणि वस्तीतला रस्ता फोडून तोच पाइप टाकायला जे लागतं, त्यातला फरक कुणी तरी भरतोच. पैशाने भरतो, नाही तर चिखलातून स्कूटर ढकलून भरतो. अप्पा त्या पावसाळ्यात दोनदा पडले.

पुण्यातले वाचक हसत असतील तर त्यांनी थोडं थांबावं. मी सूसला राहतो. सूस पुणे महापालिकेत आलं ३० जून २०२१ ला, २३ गावांबरोबर. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं घेतली होती. त्याही आधी १९९७ मध्ये ३८ घेतली आणि पुढे त्यातली काही पूर्ण, काही अर्धी अशी १५ परत सोडून दिली. २०१७ मध्ये आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गाव आत, गाव बाहेर, लंगडी चाललीय. आमच्या बावीस मजली इमारतीत लिफ्टमध्ये टीव्ही स्क्रीन आहे आणि पाणी टँकरने येतं. माझी आई कालनिर्णयवर गोल करते, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी तेच एक्सेलमध्ये करतो. एवढाच काय तो महानगराचा फरक.

एक गोष्ट मात्र बरी दिसली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएने ऑफिसच्या वाटेवर माण-म्हाळुंग्याला ती जुनी, १९१५ वाली पद्धत पुन्हा हातात घेतली. शेतं एकत्र, रस्ते आधी, प्लॉट नंतर. वेळ लागतोय, वाद आहेत. पण शंभर वर्षांनी कुणाला तरी जुना कोड वाचावासा वाटला.

दीड वाजता प्लॉटवाला आला. गोड माणूस. लॅमिनेट केलेला रंगीत नकाशा, त्यावर नऊ मीटरचे रस्ते, मधोमध ओपन स्पेस, त्यात गोल गोल झाडं. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी नजर दुसरीकडे वळवली.

गाडीत बसून जागेवर गेलो. कापूस नुकताच उपटलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. तो रेल्वेचं सांगत होता. मनमाड-इंदूर लाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटी, हे सगळं त्याला पाठ होतं, आणि खरंही होतं. धुळ्याला शेवटचं स्टेशन असण्यातून एकदाची सुटका होणार, याचा मलाही आनंद आहे. पण रेल्वे माझ्या प्लॉटमधून पाइप घेऊन येणार नाही.

मी विचारलं, "पावसाचं पाणी इथून कुठे जातं?"

"साहेब, धुळ्यात पाऊस पडतो कुठे?"

सगळे हसले, मीही हसलो. पण समोर बांधाला लागून एक घळ होती, उन्हाने वाळलेली, तळाला गोटे. गोटे म्हणजे तिथून पाणी वाहतं. चुन्याची रेघ त्या घळीवरून सरळ पलीकडे गेली होती, आणि नकाशात तिथे प्लॉट नंबर चौदा आणि पंधरा होते. मी दाखवलं. तो म्हणाला, भराव टाकून देऊ. मी विचारलं, मग पाणी कुणाच्या घरात जाईल? तो म्हणाला, तुम्हाला तर अकरा नंबर दाखवतोय ना.

परत येताना अप्पा गप्प होते. पूल जवळ आला तेव्हा म्हणाले, "एकोणनव्वदला मी पण नव्हतं विचारलं. पगारातून हप्ता जायचा, तेवढंच डोक्यात." मग थोड्या वेळाने, "पण घर तर झालं ना रे."

यावर मला काही बोलता आलं नाही. घर झालंच होतं. त्याच घरात बसून मी इंजिनिअरिंगच्या परीक्षा दिल्या.

टोकन दिलं नाही. अप्पा थोडे नाराज आहेत, आईने मात्र निघताना डब्यात जास्तीचे मांडे घातले, त्याचा अर्थ काय लावायचा तो लावतोय. सोमवारी प्लॉटवाल्याचा फोन आला, दसऱ्यानंतर भाव वाढणार म्हणाला. मी म्हटलं, घळ दाखवलेला नकाशा आणि गटार कुठून काढणार ते, दोन्ही व्हॉट्सअॅपवर पाठवा, मग बोलू. 'हो साहेब, आजच पाठवतो,' म्हणाला.

आज शनिवार. अजून आलेला नाही.